डॉक्टर किती तासांवर?

शाळेची सहल निघाली की तिच्याबरोबर प्रथमोपचाराची पेटीही निघते. पेटीत कापूस असतो, पट्ट्या असतात, जंतुनाशकाची बाटली, एखादे मलम, तापाच्या गोळ्या असतात. ती कोणाच्या हातात द्यायची हेही बहुधा ठरलेले असते. ज्यांनी कधीकाळी स्काउटच्या शिबिरात किंवा एखाद्या रविवारी प्रथमोपचाराचा वर्ग केलेला असतो, ते सर किंवा त्या बाई. सहल वेरूळला जाणार असेल तर या व्यवस्थेत फारसे उणे नाही. पण तीच सहल चाळीस मुलांना घेऊन हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जाणार असेल तर?

अशा वेळी 'सरांनी प्रथमोपचार शिकलेला आहे' या वाक्याचा अर्थ नेमका काय, हे विचारावे लागते. कारण प्रथमोपचाराचे शिक्षण ही एक वस्तू नाही. चार तासांचा वर्ग आहे, सोळा तासांचा आहे, चाळीस तासांचा आहे, सलग आठ-दहा दिवस चालणारा ऐंशी तासांचाही आहे. यातला आपण कोणता घ्यावा? 'जितका मोठा तितका चांगला' हे उत्तर सुचते, पण ते पुरते बरोबर नाही. या पायऱ्या कोणी एका बैठकीत आखलेल्या नाहीत. सव्वाशे-दीडशे वर्षांत, एकेका अडचणीतून, त्या एकेक करून तयार झाल्या. कोणती पायरी कोणत्या अडचणीतून आली हे कळले, तर आपली पायरी ओळखणे सोपे जाते. म्हणून आपण आधी थोडे इतिहासात जाऊ.

वुलिचचा वर्ग

१८५९ साली उत्तर इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली. तिथल्या जखमींची दैना आंरी द्युनां या स्विस व्यापाऱ्याने पाहिली, तिच्यावर पुस्तक लिहिले, आणि १८६३-६४ मध्ये रेडक्रॉस व जिनीव्हा करार उभे राहिले, ही कथा शालेय पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. मात्र सामान्य नागरिकाला प्रथमोपचार शिकवावा ही कल्पना रणांगणावरून शहरात यायला आणखी पंधरा-एक वर्षे लागली.

इंग्लंडमध्ये १८७७ साली सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली. पुढच्याच वर्षी लंडनजवळच्या वुलिच येथे लष्करातले एक शल्यवैद्य, सर्जन-मेजर पीटर शेफर्ड, आणि कर्नल फ्रान्सिस डंकन यांनी सर्वसामान्यांसाठी वर्ग सुरू केले. 'फर्स्ट एड' हा शब्दप्रयोग रूढ झाला तो याच सुमारास. वर्ग सुरू होऊन काही महिने झाले नाहीत तोच, ३ सप्टेंबर १८७८ रोजी वुलिचजवळ थेम्स नदीत 'प्रिन्सेस अ‍ॅलिस' ही प्रवासी आगबोट कोळशाच्या जहाजावर आदळून बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मेली. शिकवणीची गरज लोकांना वेगळी सांगावी लागली नाही. शेफर्डना मात्र आपल्या कामाचा विस्तार पाहायला मिळाला नाही. जानेवारी १८७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील इसांडल्वानाच्या लढाईत ते मारले गेले. माघारीच्या वाटेवर एका जखमी सैनिकाला पाहण्यासाठी ते थांबले होते, असे सांगतात.

याच काळात जर्मनीतल्या कील येथील शल्यवैद्य फ्रीडरिश फॉन एस्मार्क यांनी त्रिकोणी पट्टीचा प्रसार केला. या पट्टीवर तिचे निरनिराळे उपयोग चित्रांनी छापलेले असत, म्हणजे पट्टी हेच पुस्तक! कापडाच्या एका चौकोनी तुकड्याच्या दोन पट्ट्या होतात, आणि एकीची गळ्यात अडकवायची झोळी, डोक्याची पट्टी, गुडघ्याची पट्टी असे काहीही करता येते. आजही आपल्या शाळांतून प्रथमोपचाराच्या तासाला हीच पट्टी बांधायला शिकवतात. एस्मार्कनी लंडनमधले वर्ग पाहिले आणि परत जाऊन १८८२ साली कीलमध्ये तसेच वर्ग काढले. त्यांच्या व्याख्यानांचे इंग्रजी भाषांतर केले ते व्हिक्टोरिया राणीच्या मुलीने. राजघराण्याचा हात लागल्यामुळे असेल, पण हे शिक्षण प्रतिष्ठित झाले.

आता या वर्गांना कोण येत होते ते पाहा. रेल्वेचे कामगार, पोलीस, गिरण्यांतले मुकादम, खाणकामगार. या साऱ्यांचे काम शहरात किंवा शहरालगत. अपघात झाला की कोणीतरी धावत जाऊन डॉक्टरला आणणार, किंवा गाडीतून जखमीला इस्पितळात नेणार. मधल्या पाव-अर्ध्या तासात रक्त वाहू न देणे, मोडलेले हाड हलू न देणे आणि भलते काही न करणे एवढेच काम. 'जखमीला हलवू नका, हाड जागेवर बसवायला जाऊ नका, जखम झाका, डॉक्टरला बोलवा' हे नियम त्यातून आले. नियम उत्तम होते. मात्र त्यांच्या मुळाशी एक गृहीत होते आणि ते कोणी लिहून ठेवले नव्हते, कारण लिहिण्याची गरजच कोणाला वाटली नाही. ते गृहीत असे, की डॉक्टर जवळ आहे.

आपल्याकडे आलेले प्रथमोपचाराचे शिक्षण याच घराण्यातले आहे. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टचे ४५ वे कलम पाहावे. दर दीडशे कामगारांमागे निदान एक प्रथमोपचार पेटी हवी आणि ती प्रमाणपत्र असलेल्या जबाबदार माणसाच्या ताब्यात हवी, असे त्यात सांगितले होते. कारखान्यासाठी हे योग्यच आहे. शाळेतले वर्गही त्याच साच्याचे असतात आणि शाळेच्या इमारतीसाठी तेही योग्यच आहेत. अडचण सुरू होते ती शाळा डोंगरावर जाते तेव्हा.

टिनाच्या पत्र्यावरून

१९३६ च्या आरंभी अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट राज्यात चार्ल्स मायनट डोल नावाचा विमा-व्यावसायिक मित्रांबरोबर स्कीइंगला गेला होता. पावसाने बर्फ ओले झालेले, त्यात तो पडला आणि त्याच्या पायाचा घोटा मोडला. जागा काही निबिड अरण्यातली नव्हती, रस्ता होता. तरीही मदत येईपर्यंत काही तास तो थंडीत पडून राहिला, आणि अखेर मित्रांनी छपराच्या टिनाच्या पत्र्यावर घालून त्याला खाली ओढत आणले. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, त्या दिवशी मदतीला असलेला त्याचा मित्र फ्रँक एडसन स्कीइंगच्या शर्यतीत झाडावर आदळून मेला. डोलने या प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि १९३८ साली 'नॅशनल स्की पेट्रोल' ही स्वयंसेवकांची संघटना उभी केली. (अमेरिकी सैन्यात डोंगरी तुकडी असावी म्हणून पुढे सरकारच्या मागे लागलेला डोल तो हाच.)

या संघटनेने आपल्या स्वयंसेवकांना सुरुवातीला रेडक्रॉसचाच वर्ग दिला आणि त्याला बर्फातल्या कामाची पुरवणी जोडली. मूळ साचा शहरी, वर ठिगळ डोंगरी. हे ठिगळ पन्नास वर्षे चालले. १९८८ साली डॉ. वॉरन बोमन यांनी स्की पेट्रोलसाठी स्वतंत्र पाठ्यपुस्तक तयार केले, तेव्हा कुठे डोंगराला स्वतःचा अभ्यासक्रम मिळाला. पन्नास वर्षे लागण्याचे एक कारण आम्हाला असे दिसते, की पुस्तकातला नियम चुकीचा आहे असे डोंगरावर कोणाला वाटतच नसे. आपली परिस्थितीच वाईट, असे वाटे.

काही नियम मात्र खरोखरच चुकीचे होते. नेपोलियनच्या सैन्याचे शल्यवैद्य दोमिनिक लारे यांचे उदाहरण बोलके आहे. जखमींना रणांगणावरून झटपट उचलणाऱ्या हलक्या घोडागाड्या त्यांनी १७९० च्या दशकात काढल्या. जखमीच्या बाबतीत वेळेचे मोल ओळखणाऱ्या पहिल्या मोठ्या वैद्यांत त्यांची गणना होते. १८१२ मध्ये रशियातून माघार घेताना त्यांनी पाहिले, की थंडीने गोठलेले हातपाय शेकोटीवर धरणाऱ्या सैनिकांचे अवयव सडतात. निरीक्षण अगदी खरे होते. बधिर झालेल्या कातडीला आच कळत नाही आणि ती भाजते. शिवाय आज शेकलेला पाय उद्याच्या चालीत पुन्हा गोठतो. लारेंनी त्यातून निष्कर्ष काढला तो मात्र असा, की उष्णता टाळावी आणि गोठलेला अवयव बर्फाने चोळावा. मोठ्या माणसाने सांगितलेला हा उपाय विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुस्तकांतून छापला जात राहिला.

जून १९५० मध्ये मॉरिस एर्झोग आणि लुई लाशनाल हे फ्रेंच गिर्यारोहक अन्नपूर्णा शिखरावर पोचले. आठ हजार मीटरवरचे माणसाने सर केलेले ते पहिले शिखर. उतरताना दोघांचे पाय आणि एर्झोगचे हातही गोठले. तंबूत त्यांच्या सोबत्यांनी रात्रभर त्यांचे हातपाय दोरखंडाच्या टोकांनी अक्षरशः झोडपून काढले, रक्त पुन्हा वाहावे म्हणून! ते अडाणी नव्हते. त्या काळचे उत्तमातले उत्तम गिर्यारोहक होते आणि आपल्याला शिकवलेलेच करत होते. त्यानंतर पाऊस, चिखल आणि जंगल यांतून कित्येक आठवडे त्यांना हमालांच्या पाठीवरून आणि डोल्यांतून खाली आणले. पथकाचे डॉक्टर जाक उदो वाटेत त्यांची सडलेली बोटे कापत होते. त्यातली काही शस्त्रक्रिया उत्तर भारतातल्या रेल्वेच्या डब्यात झाली.

पुढच्या दशकात अलास्कातल्या डॉ. विल्यम मिल्स यांनी शेकडो रुग्ण तपासून दाखवले, की गोठलेला अवयव अंगाच्या उष्णतेपेक्षा किंचितच अधिक गरम पाण्यात बुडवून भराभर वितळवणे हा सर्वांत चांगला उपाय. चोळणे आणि झोडपणे यांनी आतल्या पेशी आणखी फाटतात. त्यांच्या शिकवणीला एक पुस्तीही होती, आणि आमच्या मते तिच्यातच डोंगरी प्रथमोपचाराचे सगळे मर्म आहे. अवयव पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर तो वितळवूच नये. गोठलेल्या पायावर माणूस तळापर्यंत चालू शकतो. वितळलेल्या पायावर चालू शकत नाही, आणि तो पाय पुन्हा गोठला तर सगळेच गेले. म्हणजे 'हिमदंशावर उपाय काय' या प्रश्नाला उत्तर देण्याआधी आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: इथून इस्पितळ किती तासांवर आहे आणि मध्ये काय आहे? शहरी पुस्तकातल्या नियमाला हा प्रश्न कधी विचारावा लागलाच नव्हता.

उंचीवरच्या आजाराची गोष्टही अशीच, पण तिच्यात आपला वाटा मोठा आहे. उंचावर दम लागून, खोकून, फेसाळ थुंकी टाकून मेलेल्या माणसांना पूर्वी न्यूमोनिया झाला असे समजत. हा न्यूमोनिया नव्हे, निरोगी माणसाच्या फुप्फुसात केवळ उंचीमुळे पाणी भरते, हे अमेरिकेतले डॉक्टर आणि गिर्यारोहक चार्ल्स ह्यूस्टन यांनी १९६० साली लिहिले. दोनच वर्षांनी, १९६२ च्या युद्धात, भारतीय सैनिकांना सपाटीवरून थेट हिमालयाच्या उंचीवर जावे लागले आणि हा आजार शेकड्यांनी दिसू लागला. सैन्यातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांचे सहकारी यांनी त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात १,९२५ सैनिकांची निरीक्षणे आहेत. जगभरच्या या विषयावरच्या लिखाणात त्यांचा आजही उल्लेख होतो. आणि इतक्या अभ्यासातून प्रथमोपचार करणाऱ्याच्या हाती काय आले? हळूहळू चढा, आणि त्रास वाढू लागला तर वाट न पाहता खाली उतरा. हे शिकायला ऐंशी तास लागत नाहीत. पण रात्री दोन वाजता, तंबूत, 'सकाळपर्यंत पाहू' म्हणणाऱ्या नेत्याला विरोध करून 'आत्ताच उतरायचे' असे म्हणायला जे लागते, ते एका व्याख्यानातून येत नाही. त्यासाठी सराव लागतो.

सोनेरी तास आणि त्यानंतरचे तास

१९६६ साली अमेरिकेत अपघाती मृत्यूंवर एक अहवाल निघाला. त्यात एक विलक्षण गोष्ट नोंदवलेली होती. देशातल्या निम्म्याच्या आसपास अँब्युलन्स प्रेतसंस्काराचा धंदा करणारे लोक चालवत होते, कारण आडवा माणूस मावेल अशी गाडी त्यांच्याकडेच असे! या अहवालानंतर अँब्युलन्सवरच्या माणसांसाठी ८१ तासांचा अभ्यासक्रम तयार झाला आणि 'इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन' हा नवा व्यवसाय जन्माला आला. बाल्टिमोरच्या डॉ. आर. अ‍ॅडम्स काउली यांचा 'सोनेरी तास' हा शब्दही याच काळात लोकप्रिय झाला. जखमी माणूस पहिल्या तासाभरात शल्यगृहात पोचला पाहिजे, असा त्याचा आशय. साठच मिनिटे का, याला भक्कम पुरावा नाही, हे नंतर अनेकांनी दाखवून दिले. तरी त्यामुळे अँब्युलन्सची सेवा सुधारली यात शंका नाही.

या सुधारणेने शहर आणि डोंगर यांच्यातले अंतर मात्र आणखी वाढले. नवे शिक्षण अधिक चांगले होते आणि अधिक शहरीही होते. ते गाडीतला प्राणवायू, बिनतारी यंत्रावर बोलणारा डॉक्टर आणि वीस मिनिटांवरचे इस्पितळ गृहीत धरत होते. तिकडे नेमक्या याच वर्षांत अमेरिकेत मुलांना घेऊन आठवडेच्या आठवडे रानात राहणाऱ्या संस्था वाढत होत्या. १९६२ मध्ये कोलोरॅडोत आउटवर्ड बाउंडची शाळा निघाली. १९६५ मध्ये पॉल पेटझोल्ट या जुन्या गिर्यारोहकाने वायोमिंगमध्ये 'नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल' काढले. तिथले शिक्षक अँब्युलन्सचा अभ्यासक्रम करून रानात जात आणि पहिल्या अर्ध्या तासानंतर काय करायचे हे त्यांना कळेनासे होई. प्राणवायूची लहान नळकांडी तेवढ्यात संपलेली असते. मग पुढचे तीस तास? जखमीला पाणी द्यायचे की नाही? त्याला लघवीला कसे न्यायचे? मळलेली जखम नुसती झाकून ठेवली तर परवापर्यंत ती पिकणार नाही का? त्यांच्या पुस्तकात याचे उत्तर नव्हते, कारण तिथे ते काम इस्पितळाचे होते.

डॉक्टरांनी गिर्यारोहकांसाठी लिहिलेले एक चांगले पुस्तक जेम्स विल्करसन यांनी १९६७ मध्येच संपादित केले होते. पण पुस्तक आणि वर्ग यांत फरक असतो. वर्ग उभे राहिले ते १९७० च्या दशकापासून. न्यू हॅम्पशायरमध्ये डॉ. फ्रँक हबेल आणि ली फ्रिझेल यांची 'सोलो' ही शाळा, मेन राज्यात डॉ. पीटर गॉथ यांचे काम, आणि १९९० साली कोलोरॅडोत निघालेली 'वाइल्डरनेस मेडिसिन इन्स्टिट्यूट', जी १९९९ मध्ये पेटझोल्टच्या शाळेत सामील झाली. १९८३ मध्ये डॉक्टरांचीही एक स्वतंत्र सोसायटी स्थापन झाली. या मंडळींनी रान कशाला म्हणायचे याची व्याख्या झाडांवरून किंवा उंचीवरून केली नाही. पक्क्या उपचारापासून एका तासाहून (काही जण दोन म्हणतात) अधिक दूर असलेली कोणतीही जागा म्हणजे रान. या व्याख्येने पुरात रस्ता तुटलेले खेडेही रान ठरते आणि भूकंपानंतरचे शहरसुद्धा.

व्याख्या बदलली तसे नियमही बदलले, आणि काही तर थेट उलटे झाले. शहरात निखळलेला खांदा प्रथमोपचारकाने बसवायचा नाही. रानात, तो सरळ साध्या रीतीने निखळला असेल तर, शिकलेल्या माणसाने लवकर बसवायचा, कारण सहा तासांनी स्नायू आखडल्यावर तो बसत नाही आणि तोवर हाताचे रक्त अडू शकते. शहरात उंचावरून पडलेल्या प्रत्येकाची मान जखडून त्याला फळीवर बांधत. रानात तसे केले तर चालू शकणाऱ्या माणसासाठी वीस जणांना रात्रभर कड्यावरून स्ट्रेचर वाहावे लागते आणि त्यात आणखी दोघे पडतात. म्हणून गॉथ यांनी मणका तपासण्याची एक पद्धत घालून दिली: माणूस पूर्ण शुद्धीत आहे का, मणक्यावर दाबल्यावर दुखते का, हातापायांची बोटे नीट हलतात का आणि त्यांना स्पर्श कळतो का. हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याची क्रिया १९६० पासून सर्वत्र शिकवली जाते. शहरात ती अँब्युलन्स येईपर्यंत चालू ठेवायची. रानात अर्ध्या तासाने यश न आल्यास थांबायची परवानगी नव्या नियमांनी दिली. अतिथंडीने गारठलेला माणूस मात्र याला अपवाद. हा नियम ऐकायला कठोर वाटतो, पण दमलेल्या सोबत्यांचाही जीव त्यात मोजलेला आहे.

पायऱ्या तयार झाल्या त्या अशा. सुमारे १६ तासांचा 'वाइल्डरनेस फर्स्ट एड'. त्याच्यावर ३६ ते ४० तासांचा प्रगत वर्ग. मग ७० ते ८० तासांचा 'वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पाँडर', जो रानात मुलांना नेणाऱ्या व्यावसायिक नेत्यासाठी अमेरिकेत जवळजवळ अपेक्षितच धरला जातो. आणि सर्वांत वर अँब्युलन्सचे पूर्ण शिक्षण अधिक रानाचे. यांत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अँब्युलन्सवरच्या माणसाला तिथे सरकार परवाना देते. मधल्या पायऱ्यांची प्रमाणपत्रे त्या त्या शाळा देतात, सरकार नव्हे. त्यामुळे एकाच नावाच्या दोन वर्गांत बराच फरक असू शकतो. गेल्या काही वर्षांत भारतातही असे वर्ग भरू लागले आहेत. त्यांचे माहितीपत्रक वाचताना नावाकडे पाहू नये. किती तास, आणि त्यांपैकी किती तास वर्गाबाहेर उघड्यावर, हे विचारावे.

आपल्या सह्याद्रीत

आता हरिश्चंद्रगडाकडे येऊ. गडावरून पाचनईत उतरायला धडधाकट माणसाला दोनेक तास लागतात. तिथून पुढे गाडी. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची अँब्युलन्स सेवा आहे आणि तिने पुष्कळ जीव वाचवले आहेत. पण ती पाचनईपर्यंत येईल, गडावर येणार नाही. पाय मोडलेल्या मुलाला स्ट्रेचरवरून आणायचे तर एका वेळी सहा जण लागतात, आणि ते दर काही मिनिटांनी बदलावे लागतात, म्हणजे निदान अठरा मोठी माणसे. डोंगरवाटेने स्ट्रेचरला एका मैलाला तास-दोन तास सहज जातात. रात्र झाली किंवा पाऊस लागला तर सकाळची वाट पाहावी लागते. मदत मागायला खाली गेलेला माणूस पोचण्याचा वेळ वेगळाच. हिशेब केला तर दुपारी तीनला पडलेला मुलगा इस्पितळात पोचतो तो मध्यरात्री किंवा दुसऱ्या दिवशी. नकाशावर जागा कितीही ओळखीची असो, व्याख्येप्रमाणे हे रानच झाले. इथे मुक्कामाला मुले नेणाऱ्या गटात १६ तासांचा वर्ग केलेली दोन माणसे तरी हवीत, असे आम्हाला वाटते. दोन अशासाठी, की पडणारा माणूस नेमका तो शिकलेलाच असू शकतो. चार दिवसांच्या, वस्ती न लागणाऱ्या पदभ्रमणासाठी किंवा हिमालयातल्या मोहिमेसाठी ८० तासांचा वर्ग केलेला एक जण असावा. उलट ज्या गडाच्या दारापर्यंत गाडी जाते, तिथे शहरी वर्ग पुरे. तिथे खांदा बसवण्याची उठाठेव केली तर तो गुन्हाच.

पण शिक्षणाची पायरी हे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर नसते. साप चावल्यावर काय करावे? जखम कापून रक्त चोखणे, वर दोरी करकचून आवळणे हे जुने उपाय घातक ठरून गेले. आता प्रथमोपचारकाने करायचे ते इतकेच: माणसाला धीर द्यायचा, चावलेला अवयव हलू द्यायचा नाही, अंगठी-कडे काढायचे आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यायचे. हे पंधरा मिनिटांत शिकता येते. त्यापुढे शंभर तास शिकलात तरी नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर रानात काही चालत नाही. तिथे उपयोगी पडते ते वाहन, आणि कोणत्या दवाखान्यात प्रतिविष आहे ही आदल्या दिवशी केलेली चौकशी. कोकणातल्या लाल विंचवाची गोष्ट याला जोडूनच सांगायला हवी. हा विंचू चावलेल्या रुग्णांपैकी दवाखान्यात पोचूनही पूर्वी तीस टक्क्यांच्या आसपास दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबावरचे साधे, तोंडाने घ्यायचे औषध वापरून हे प्रमाण फार खाली आणले. त्यामुळे जीव वाचवण्याची सोय तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत, प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत आली. प्रथमोपचारकाने शिक्षणाची पायरी चढण्याऐवजी डॉक्टरच काही तासांनी जवळ आला, असे इथे घडले.

राहिला प्रश्न विसरण्याचा. या वर्गांची प्रमाणपत्रे दोन-तीन वर्षांनी संपतात. पण शिकलेले हात त्याच्या पुष्कळ आधी विसरतात. सोळा तासांच्या वर्गानंतर काही महिन्यांतच कौशल्य घसरू लागते, असे अमेरिकेतल्या चाचण्यांत आढळले आहे. आत्मविश्वास मात्र तितक्या लवकर घसरत नाही, आणि धोका आहे तो यातच. ऐंशी तासांचा वर्ग पाच वर्षांपूर्वी केलेल्या आणि नंतर पट्टीला हात न लावलेल्या माणसापेक्षा, सोळा तासांचा वर्ग करून दर सहलीआधी एक दुपार सराव करणारा शिक्षक आम्ही केव्हाही पसंत करू.

त्या दुपारी करण्याजोगा एक प्रयोग नववी-दहावीच्या मुलांना आवडेल. दोन बांबू आणि दोन घोंगड्या किंवा चादरी घेऊन स्ट्रेचर बनवावे. त्यावर वर्गातल्या मध्यम वजनाच्या मुलाला झोपवावे. सहा-सहा मुलांच्या तीन तुकड्या कराव्यात आणि स्ट्रेचर शाळेच्या मैदानाभोवती एक किलोमीटर न्यावे, झोपलेल्याचे डोके न हलवता. घड्याळ एका मुलीच्या हाती द्यावे. तुकडी किती वेळा बदलावी लागली आणि एकूण किती मिनिटे लागली हे तिने फळ्यावर लिहावे. मग भूगोलाच्या तासाला सहलीच्या गडाचा नकाशा काढून वाटेची लांबी मोजावी. चढउतार आणि दगडधोंडे यांसाठी मैदानावरच्या वेळेची निदान तिप्पट धरावी. जो आकडा येईल त्यात, मदत मागायला गेलेल्याचा वेळ आणि गाडीचा वेळ मिळवावा.